रक्त गोठत नाही तेव्हा

पोळा फुटला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून पांढुर्ण्यात जाम नदीकडे माणसांची रीघ लागते. नागपुरात त्याच दिवशी पिवळी आणि काळी मारबत निघते, लहान पोरं लाकडाचे बैल घेऊन तान्हा पोळा करतात. पांढुर्ण्यात मात्र गोटमार असते. नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, मधोमध रोवलेलं पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. सावरगावकरांनी झाड राखायचं. पांढुर्णेकरांनी कुऱ्हाड घेऊन ते गाठायचं, तोडायचं आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यायचा. दोन्ही काठांवरून दिवसभर दगड चालतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीतच अडकले आणि दोन्ही गावांनी दगड उचलले, अशी त्यामागची कथा गावात सांगतात.

1955 पासून या दगडांनी डझनाहून जास्त जीव घेतले आहेत. जखमींचा आकडा दर वर्षी शेकड्यांत जातो. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले, पण लोकांनी पुन्हा दगडच उचलले. डोकं फुटलेला गडी चंडीमातेचा अंगारा जखमेवर दाबतो आणि परत नदीत उतरतो.

अंगारा लावल्यावर रक्त थांबतं, हा त्या माणसाचा अनुभव खोटा नाही. निरोगी माणसाची साधी जखम पाच-दहा मिनिटांत आपणहून बंद होते. कापलेली रक्तवाहिनी आक्रसते, इकडे ज्यांना सगळे नुसतं ‘पेशी’ म्हणतात त्या प्लेटलेट जखमेच्या तोंडाशी चिकटतात, आणि मग रक्तातल्या प्रथिनांची साखळी एकामागून एक जागी होते. शेवटी फायब्रिनोजेन नावाच्या विरघळलेल्या प्रथिनाचे धागे बनतात आणि गुठळी घट्ट होते. अंगारा असो, हळद असो, नुसता दाबून धरलेला पंचा असो, श्रेय त्यालाच मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या या मुलखाने रक्ताविषयी जे शिकून ठेवलं, ते या थांबणाऱ्या रक्ताविषयीचं आहे.

न थांबणाऱ्या रक्ताचा इतिहास वेगळा आहे, आणि तोही याच मातीत, याच पावसाळ्याच्या महिन्यांत घडत आला आहे.

रक्त न थांबण्याचा आजार म्हटलं की बहुतेकांना हिमोफिलिया आठवतो. तो जन्मापासून असतो, आईकडून येतो, मुलग्यांना होतो, व्हिक्टोरिया राणीच्या वंशात होता, एवढं सर्वसाधारण वाचकाला ठाऊक असतं. त्यामुळे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, कधी आजारी न पडलेल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं किंवा अंगावर काळेनिळे डाग उठले, तर घरचे उष्णता वाढली म्हणतात, फार तर दातांच्या डॉक्टरकडे नेतात. असा आजार मोठेपणी नव्याने जडू शकतो, ही शक्यताच मनात येत नाही. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींत तर तो जडतोच, आणि एका विशिष्ट वाटेने अवघ्या तासाभरात जडतो. ती वाट वावरातून आणि तिथल्या सापांमधून जाते.

सातपुड्याचा घाट उतरला की लागणारा हा पट्टा काळ्या मातीचा. जाम आणि कन्हान नद्यांच्या आजूबाजूला कापूस, ज्वारी, तूर, आणि गेल्या काही पिढ्यांत संत्र्याच्या बागा. बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी. देवगडच्या गोंड राजांचा हा मुलूख पुढे नागपूरकर भोसल्यांकडे गेला. तिसरे रघूजी 1853 मध्ये निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. सौंसरच्या माणसाला कचेरी, बाजार, लग्नाचा बस्ता आणि दवाखाना या सगळ्यांसाठी नागपूरच जवळचं. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची नवी रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आणि पांढुर्णा व सौंसर ज्यात होते तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सरहद्द मधून गेली तरी दुखण्याची वाट बदलली नाही. आजही गंभीर रुग्ण ‘मेयो’त किंवा ‘मेडिकल’ला न्यायचा म्हणजे नागपूरला न्यायचा, मेयो रुग्णालय 1862 चं, मेडिकल कॉलेज 1947 चं. 5 ऑक्टोबर 2023 रोजी या दोन तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला.

इंग्रजी अमदानीत गावातले जन्म-मृत्यू ठाण्यावर कळवण्याचं काम कोतवालाकडे होतं. मध्य प्रदेशात त्याला आजही कोटवार म्हणतात. ताप, हगवण, देवी, महामारी अशा रकान्यांत मरणं विभागली जायची, आणि सर्पदंश व हिंस्र जनावरं यांचाही हिशेब निराळा ठेवला जायचा. सरकारला त्यात रस होता. मेलेल्या सापामागे बक्षीस देण्याचे प्रयोग देशभर चालू होते. कलकत्त्याचे शल्यवैद्य जोसेफ फेयरर यांनी वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या अशाच नोंदी गोळा केल्या तेव्हा 1869 या एका वर्षाचा आकडा 11,416 मृत्यूंचा भरला, आणि तोही देशाच्या केवळ काही भागांचा. वहीत फक्त ‘साप’ एवढंच लिहिलेलं असायचं. कोणता साप, माणूस श्वास कोंडून गेला की रक्त वाहून गेला, याची नोंद कुठेच नव्हती. या एका उणिवेमुळे या आजाराचा स्थानिक इतिहास आपल्या हातून निसटला आहे, असं म्हणावंच लागतं.

नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंवर जातं: पापण्या जड होतात, जीभ अडखळते, श्वास बंद पडतो. घोणस मात्र रक्तावर जाते. विदर्भात पुष्कळ ठिकाणी तिला परड म्हणतात. जाड, सुस्त, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके, आणि डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. उंदरांवर जगणारी, म्हणून जिथे धान्य, कुटार आणि गवत तिथे ती. धुऱ्यावरचं गवत कापताना, पऱ्हाटी उपटताना, संत्र्याच्या आळ्यात पाणी वळवताना, जागलीला जाताना अंधारात पाय पडतो. डोंगरउतारावरच्या खडकाळ जागी तिची लहान भावकी फुरसे. तिचंही विष रक्तावरच जाणारं.

पान लागलं, म्हणजे साप चावला, की आधी दंशाची जागा सुजते, दुखते. मग तासाभरात, कधी थोडं उशिरा, दाताच्या खुणांतून रक्त पाझरू लागतं आणि थांबत नाही. हिरड्या, नाक, लघवी, सुई टोचलेली जागा, जुनी सुकत आलेली खरूजसुद्धा वाहू लागते. सकाळी वावरात गेलेला धडधाकट माणूस दुपारपर्यंत रक्तस्रावाचा रुग्ण झालेला असतो. त्याच्या आईवडिलांच्या रक्तात काही दोष नसतो आणि त्याच्या मुलांनाही तो मिळत नाही.

हे होतं कसं, ते पाहिलं तर विष रक्त ‘पातळ’ करतं ही समजूत उलटी ठरते. घोणशीच्या विषातली विकरं रक्त गोठवतात. साखळीतल्या पाचव्या आणि दहाव्या घटकांना ती थेट चेतवतात. सगळ्या रक्तवाहिन्यांत एकाच वेळी बारीक बारीक गुठळ्या धरू लागतात, आणि त्यात फायब्रिनोजेनसकट गोठण्याचा सगळा माल काही तासांत संपून जातो. मग खऱ्या जखमेसाठी काही उरतच नाही. त्या गुठळ्या मूत्रपिंडात अडकतात, म्हणून पुढच्या दोन-तीन दिवसांत लघवी बंद होते आणि नागपूरला डायलिसिसच्या रांगेत उभं राहावं लागतं.

पूर्वी काय करायचे? विदर्भात नागपंचमीला बाऱ्या नावाची गाणी म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि पान लागलेल्या माणसापुढेही त्या म्हटल्या जात. मांत्रिक कडुनिंबाचा पाला खायला देई. कडू लागला नाही तर विष चढलंय म्हणे. दंशाच्या वर दोरी करकचून आवळायची, ब्लेडने चिरा द्यायचा, तोंडाने किंवा कोंबडीच्या पिल्लाने विष ओढायचं, सापाचा खडा चिकटवायचा. यातल्या बाऱ्यांबद्दल आकस धरण्याचं कारण नाही. त्या गाण्यांत या मुलखाची शब्दकळा आहे आणि भेदरलेल्या माणसाभोवती चार जण रात्रभर बसत, हेही खरंच. आणि मांत्रिकाला यश येत असे, कारण चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. अंगाऱ्याने थांबणाऱ्या रक्तासारखंच हे. जो माणूस वाचणारच होता त्याच्या वाचण्याने मंत्राची कीर्ती वाढली. पण चिऱ्याबद्दल बोटचेपेपणा करता येत नाही. ज्याचं रक्त गोठायचं थांबलंय त्याच्या पायाला ब्लेड लावणं म्हणजे त्याला न मिटणारी जखम देणं. घोणशीने सोडलेली माणसं चिऱ्याने गेली असतील, अशी शंका या विषयाचा विचार करणाऱ्या कोणालाही आल्याशिवाय राहणार नाही.

हे कोडं सुटायला सुरुवात झाली ती गावापासून दूर. पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश वैद्य कंपनी सरकारच्या नोकरीत विशाखापट्टणला असताना त्याने तिथल्या लोकांकडून साप गोळा केले आणि 1796 मध्ये चित्रांसह त्यांचं पुस्तक काढलं. इंग्रजीत घोणशीला त्याचंच नाव पडलं. फेयरर यांनी 1872 च्या आपल्या ग्रंथात एक निरीक्षण नोंदवलं: नागाच्या विषाने मेलेल्या प्राण्याचं रक्त गोठतं, घोणशीच्या विषाने मेलेल्याचं पातळच राहतं. निरीक्षण ढोबळ होतं, तरी दोन सापांची मरणं दोन जातींची आहेत हे त्यात कागदावर आलं.

पुढचं पाऊल मुंबईत पडलं. परळच्या जुन्या राजभवनात प्लेगवरची प्रयोगशाळा होती. तीच 1925 पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. तिथे विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत जॉर्ज लॅम्ब यांनी नाग आणि घोणस यांची विषं रक्तद्रवावर घालून पाहिली. फ्रान्समध्ये अल्बेर काल्मेत यांनी 1895 च्या सुमारास नागाच्या विषावर घोड्याच्या रक्तातून उतारा काढला होता आणि तो सगळ्या सापांना चालेल असा त्यांचा दावा होता. लॅम्ब यांच्या प्रयोगांत तो घोणशीपुढे निष्प्रभ ठरला. आज भारतात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांविरुद्ध एकत्र बनवतात, त्यामागचं तत्त्व परळच्या त्या कामाने पक्कं केलं. सौंसरच्या आरोग्य केंद्रातल्या फ्रिजमधली कुपी आणि परळचे प्रयोग यांचा संबंध इतका जवळचा आहे.

मग 1934 मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात एक विलक्षण गोष्ट घडली. रॉबर्ट मॅकफार्लेन आणि बर्जेस बार्नेट यांनी घोणशीचं विष हजारो पट पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तावर टाकलं. जे रक्त तासन्‌तास गोठत नव्हतं ते काही सेकंदांत गोठलं. हिमोफिलियात साखळीचा आठवा किंवा नववा घटक जन्मतः कमी असतो. विष त्या दोघांना वळसा घालून थेट दहाव्यापाशी पोचतं. औषधकंपनीने ते ‘स्टिपव्हेन’ नावाने बाजारात आणलं आणि हिमोफिलियाच्या रुग्णांचे दात काढताना जखमेवर बाहेरून लावण्यासाठी ते वापरलं जाऊ लागलं. याच मॅकफार्लेन यांनी 1964 मध्ये रक्त गोठण्याच्या साखळीची क्रमवार मांडणी केली, ती वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवतात. घोणशीचं पातळ विष प्रयोगशाळेतल्या एका रक्तचाचणीत आजही रोज वापरलं जातं. फुरसेही मागे नाही. त्याच्या विषातल्या एका प्रथिनाच्या अभ्यासातून टायरोफिबॅन हे हृदयविकाराच्या झटक्यात देण्याचं औषध घडलं. शेतकऱ्याच्या अंगात रक्तस्रावाचा आजार पेरणाऱ्या या दोन सापांनी त्या आजाराचं शास्त्र उभं करायला मदत केली आहे.

पण खेड्यातल्या डॉक्टरला सर्वांत उपयोगी पडलं ते याहून साधं काम. डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये नायजेरियात फुरशाच्या आफ्रिकी भावकीने चावलेल्या रुग्णांवर एक चाचणी वापरली. तीच भारतीय उपचारपद्धतीत आली. रुग्णाचं दोन-तीन मिलिलिटर रक्त काचेच्या नव्या, स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचं, हलवायचं नाही, हात लावायचा नाही. 20 मिनिटांनी नळी एकदाच कलती करायची. रक्त ओघळलं तर घोणस किंवा फुरसे चावलंय असं धरून लस सुरू करायची. नळी प्लॅस्टिकची चालत नाही, कारण काचेचा स्पर्शच गोठण्याला सुरुवात करून देतो. साबणाने धुतलेली चालत नाही, कारण साबणाचा अंश निकाल बिघडवतो. वीज नको, यंत्र नको, तंत्रज्ञ नको. लस दिल्यावर सहा तासांनी चाचणी पुन्हा करतात, कारण यकृताला गोठण्याचे घटक नव्याने बनवायला साधारण तेवढा वेळ लागतो. मोठेपणी जडणाऱ्या रक्तस्रावाच्या आजारांत हा एकच असा असेल की जो एका दुपारी येतो आणि वेळेवर उपचार झाला तर दोन-तीन दिवसांत निघूनही जातो.

सगळ्यांच्या बाबतीत तो पूर्ण जात नाही. काही रुग्णांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीला इजा होते आणि महिन्या-वर्षांनंतर थकवा, केस गळणं, पाळी बंद होणं असा त्रास सुरू होतो. म्यानमारमध्ये आणि दक्षिण भारतात अशा रुग्णांची वर्णनं झाली आहेत. वर्षापूर्वीच्या दंशाशी याचा संबंध जोडायला डॉक्टरला ती गोष्ट सांगावी लागते, आणि रुग्ण ती सांगत नाही.

उंदीर घोणशीला वावरात बोलावतात हे आलंच. त्याच उंदरांमुळे रक्तस्रावाची दुसरी एक वाटही या बागांपर्यंत पोचली, आणि तिचा उगम गुरांच्या चाऱ्यात आहे. 1920 च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात शिंगं कापल्यावर किंवा खच्ची केल्यावर गाई-बैल रक्त वाहून मरू लागले. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्याने त्याचं मूळ शोधलं: ओलसर राहून बुरशी धरलेलं ‘स्वीट क्लोव्हर’ हे गवत. 1933 च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताचा डबा घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या दारात उभा राहिला. लिंक यांच्या प्रयोगशाळेने 1939 मध्ये बुरसट चाऱ्यातलं ते द्रव्य वेगळं काढलं. त्याच्याच कुळातलं वॉर्फरिन 1948 मध्ये उंदीर मारण्यासाठी विक्रीला आलं आणि 1954 मध्ये माणसासाठी औषध म्हणून मंजूर झालं.

डेन्मार्कचे हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांवर काम करताना के जीवनसत्त्व शोधलं होतं. यकृत रक्त गोठवणारे चार घटक त्याच्या मदतीने तयार करतं, आणि वॉर्फरिन नेमकं तिथेच आडवं येतं. आज आपल्याकडच्या शेतांत वापरतात ते ब्रोमाडायोलोन हे त्याचंच जास्त जालीम रूप. ते अपघाताने किंवा जीव द्यायच्या इराद्याने पोटात गेलं तर पहिला दिवस काहीच होत नाही. माणूस घरी जातो आणि दोन-चार दिवसांनी नाकातून, लघवीतून रक्त येऊ लागतं. के जीवनसत्त्व आठवडे, कधी महिने द्यावं लागतं. आणि याच कुळातल्या गोळ्या, वॉर्फरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल, हृदयाची झडप बदललेले रुग्ण नागपूरच्या डॉक्टरच्या सल्ल्याने रोज घेतात. त्यांना महिन्याला रक्ताची तपासणी आणि औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक न घेण्याची शिस्त पाळावी लागते. अशा घरातला माणूस गोटमारीच्या गर्दीत उभा असेल तर त्याच्या डोक्याला बसलेला दगड आणि शेजाऱ्याच्या डोक्याला बसलेला दगड सारखे नाहीत.

आता ज्याला खऱ्या अर्थाने मोठेपणी होणारा हिमोफिलिया म्हणता येईल, तो. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच आठव्या घटकाविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागते. 1940 च्या सुमारास रक्तातच गोठण्याला विरोध करणारं काही तरी फिरत असल्याची वर्णनं वैद्यकीय नियतकालिकांत आली, तेव्हापासून तो ओळखला जातो. तो दुर्मीळ आहे. दहा लाखांत वर्षाला साधारण एकाला होतो. बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे. तरुणांत तो दिसतो तो मुख्यतः बाळंतपणानंतरच्या स्त्रियांत. निम्म्याअधिक रुग्णांत कारण सापडत नाही. उरलेल्यांत संधिवातासारखे आजार, कर्करोग, काही औषधं. जन्मजात हिमोफिलियात गुडघे-कोपरे रक्ताने भरतात, यात सांधे सहसा वाचतात, पण त्वचेखाली आणि स्नायूंत तळहाताएवढे जांभळे डाग पसरतात. उपचारात प्रतिपिंडं दाबणारी औषधं देतात आणि तोवर रक्त थांबवायला आठव्या घटकाला वळसा घालणारी द्रव्यं. मॅकफार्लेनच्या घोणशीने 1934 मध्ये दाखवली तीच युक्ती.

हा आजार ओळखायची किल्ली म्हणजे रक्तद्रव गोठायला लागणारा वेळ मोजणारी एपीटीटी नावाची चाचणी. तो वेळ लांबलेला आला तर रुग्णाच्या रक्तद्रवात निरोगी माणसाचा रक्तद्रव निम्मेनिम मिसळून पुन्हा पाहतात. घटक नुसता कमी असेल तर मिश्रणात वेळ सुधारतो, प्रतिपिंड असेल तर सुधारत नाही. ही चाचणी मोठ्या शहरात होते. सुईणीने किंवा आशाताईने बाळंतिणीच्या मांडीवरचा डाग पाहून ‘हे नेहमीचं नाही’ एवढं म्हटलं, तर पुढची वाट उघडते.

काही आजार जन्मापासून असतात, पण उघडे पडतात उशिरा. सौम्य हिमोफिलिया असलेला पुरुष चाळिशीत दात काढायला गेल्यावर पहिल्यांदा सापडतो. फिनलंडचे एरिक फॉन विलेब्रांट यांनी 1926 मध्ये ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबात वर्णन केलेला आजार स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. स्त्रीच्या पाळीत जास्त जातं म्हणून तो वर्षानुवर्षं ‘अंगावरून जाणं’ या नावाखाली झाकला राहतो. हिमोफिलियाच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तो आधी कोणालाच नसतो. जनुकातला बदल नव्याने झालेला असतो. त्यामुळे ‘आमच्यात कोणाला नाही’ हे उत्तर डॉक्टरने अंतिम धरता कामा नये.

छिंदवाड्यापासून नागपूर-गडचिरोलीपर्यंत रक्ताचा आजार म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे सिकलसेल येतो. त्याविरुद्धची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधूनच सुरू झाली. सिकलसेल हा रक्त न थांबण्याचा आजार नव्हे. त्यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन वाहिन्या तुंबतात. तपासणी शिबिरात ‘सिकल नाही’ असा कागद मिळाला म्हणून रक्त ठीक आहे असं मानणाऱ्यांची इथे खरी अडचण होते. डेंगीत पेशी घसरतात, यकृत खराब झालं की गोठण्याचे घटक बनेनासे होतात, कधी संरक्षणव्यवस्थाच प्लेटलेट नष्ट करू लागते. यातलं काहीच सिकलच्या कागदावर दिसत नाही.

2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58,000. हा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जास्त मृत्यू होणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेश होतं. मध्य प्रदेश सरकार सर्पदंशाने मेलेल्याच्या वारसाला 4 लाख रुपये देतं. सरहद्दीपलीकडे महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या घराला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून 2 लाख मिळतात. दोन्हीकडे शवविच्छेदनाचा कागद लागतो. वाटेत नागपूरला मेलेल्या सौंसरच्या माणसाचा कागद एका राज्यात तयार होतो आणि दुसऱ्या राज्यात दाखवावा लागतो, ही 1956 च्या रेषेची सर्वांत अवघड बाजू.

लसही सगळीकडे सारखी लागू पडत नाही. तिच्यासाठीचं विष मुख्यतः तमिळनाडूतून, 1978 मध्ये स्थापन झालेल्या इरुला सापपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2025 मध्ये दाखवलं की घोणशीच्या विषाची घडण प्रदेशाच्या पाऊसपाण्यानुसार बदलते. कोरड्या भागातल्या घोणशीत प्रथिनं फोडणारी विकरं जास्त. सातपुड्याच्या पायथ्याची घोणस दक्षिणेकडच्या घोणशीची हुबेहूब प्रत असेल असं गृहीत धरणं म्हणूनच धोक्याचं.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार ठरवायला सांगितलं. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट त्याआधीच जाहीर झालं होतं. नव्या पांढुर्णा जिल्ह्याला आपली नोंदवही पहिल्यापासून लिहायची आहे. तिच्यात सापाच्या नावाशेजारी काचेच्या नळीतलं रक्त 20 मिनिटांनी गोठलं की नाही, नळी किती वाजता भरली, लस किती वाजता सुरू झाली आणि रुग्ण मांत्रिकाकडे किती वेळ थांबला, एवढे चार रकाने असायला हवेत. घोणस किती, फुरसे किती, आणि साप न चावताही ज्यांचं रक्त थांबत नव्हतं ते किती, हे त्यातून दोन-तीन पावसाळ्यांत कळेल, आणि लशीच्या कुप्या कोणत्या केंद्रात किती ठेवायच्या ते त्यावरून ठरवता येईल.